बिजागरीचा घुमट

माझा राग लवकर जातो असं घरात सगळे म्हणतात. चहा उकळेपर्यंत टिकला तरी पुष्कळ. नवऱ्याशी सकाळी भांडले तर कशावरून भांडले हे संध्याकाळी त्यालाच विचारावं लागतं. पण सांगलीतल्या एका मे महिन्याचा राग मात्र मी इतकी वर्षं नीट सांभाळला आहे, लोणच्याच्या बरणीसारखा, तोंडाला फडकं बांधून. आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्न असो, बाप्तिस्मा असो, जेवणं उरकली की पोरंटोरं भोवती गोळा होतात आणि मी मेलेल्या-जिवंत सगळ्या नातेवाइकांच्या नकला करते. ही एक गोष्ट मी कधीच सांगितलेली नाही. कारण हिच्यात सगळ्यात वाईट काम मी केलं आहे, आणि तेही नक्कल करूनच.

पप्पा पाळक होते. चर्चच्या धर्मगुरूला आमच्यात पाळकसाहेब म्हणतात आणि त्यांच्या बायकोला पाळकीणबाई. पाळकीणबाईला साहेबांपेक्षा दुप्पट काम असतं आणि तिच्या भाकरी मोजायला सगळी मंडळी असते. वाईहून आमची बदली सांगलीला झाली तेव्हा मी नववीत होते. चर्चच्या आवारातच दोन खोल्यांचं घर, पुढे लांब ओसरी. आवाराच्या एका अंगाला हळदीची वखार. उन्हाळ्यात तिथे पोती झाडली की वाऱ्याबरोबर पिवळी धूळ यायची. आईच्या पांढऱ्या साड्या, उशांचे अभ्रे, पप्पांचा रविवारचा झगा, सगळ्यावर हळद चढायची. आई म्हणायची, या गावात लग्न न होताच सगळ्यांना हळद लागते. दुसऱ्या अंगाला मुसलमान मोहल्ला, आणि मागच्या दाराने कृष्णेकडे उतरणारी वाट.

त्या वाटेचंच सगळं रामायण. मोहल्ल्याचा ताबूत, म्हणजे कामट्यांचा आणि रंगीत कागदाचा तो मजल्यामजल्यांचा डोलारा, मोहरमच्या शेवटच्या दिवशी खांद्यावरून नदीवर जायचा. कित्येक वर्षांची रीत अशी की तो आमच्या पुढच्या फाटकातून आत यायचा, चर्चला वळसा घालून मागच्या दाराने नदीकडे उतरायचा. मध्ये ओसरीसमोर थांबायचा आणि चर्चच्या बायका खांदेकऱ्यांना सरबत द्यायच्या. मोहल्ल्यातून आमच्याकडे चोंगे यायचे. गुळाच्या पाण्यात कणीक मळून केलेल्या जाड गोड पोळ्या, वर खसखस. कुणी ठराव केला नव्हता, कुणी सही केली नव्हती. तसं चालत आलं होतं.

आम्ही यायच्या आदल्या वर्षी चर्चच्या कमिटीने पुढच्या फाटकावर सिमेंटची कमान बांधली. वर क्रूस, खाली काळ्या ग्रॅनाइटमध्ये देणगीदाराचं नाव. देणगीदार भंडारेकाका, कमिटीचे सेक्रेटरी. कमान बांधताना ताबुताची उंची कुणी विचारली नाही. भंडारेकाकांच्या मते विसरले. माझ्या मते विसरले नव्हते, पण हे मी आजही सिद्ध करू शकत नाही, फक्त म्हणू शकते, आणि म्हणते. त्या मोहरमला ताबूत कमानीत अडकला. वरचा घुमट फाटला. मग शिव्या, मग दगड. चर्चच्या दोन काचा गेल्या, दोन्हीकडच्या पोरांच्या डोक्याला टाके पडले, फाटकाला कुलूप लागलं. अशा आवारात पप्पांची नेमणूक झाली होती. वाईत कुणी त्यांना हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते आनंदाने आले असते, असले होते ते.

पप्पांना दोनच कला यायच्या. एक, अत्यंत हळू आवाजात बोलणं. प्रवचनाला मागच्या तीन बाकांवरची माणसं नुसती ओठ बघून आमेन म्हणायची. दुसरी, नाताळच्या चांदण्या. बांबूच्या कामट्या तासून, त्यांवर पतंगाचा कागद ताणून ते अशा चांदण्या करायचे की आत साधा दिवा लावला तरी भिंतीवर जाळी उतरायची. सांगलीतल्या पहिल्या डिसेंबरात ते एक मोडकी चांदणी काखेत मारून मोहल्ल्यात गेले आणि दस्तगीरचाचांच्या दुकानात जाऊन बसले. दस्तगीरचाचा छत्र्या दुरुस्त करायचे, पण ती पोटाची सोय. त्यांची खरी ओळख म्हणजे ताबूत बांधायचा मान. आजोबांपासून त्यांच्या घराकडे होता. फाटलेला घुमट त्यांनीच बांधला होता.

"चाचा, ही कामट सारखी इथंच मोडते," पप्पा म्हणाले.

चाचांनी चांदणी फिरवून बघितली. "मोडंलच की. कामट उलटी तासलीय तुमी. साल आत कुणी घेतं व्हय?" मग जरा थांबून म्हणाले, "कुणी शिकिवलं तुमाला?"

"कुणीच नाही."

"दिसतंयच."

झालं. पप्पांनी शांततेवर प्रवचन दिलं नाही. त्यांनी खळ शिजवली. मैद्याची खळ, झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि हे सगळं आईच्या डाळीच्या पातेल्यात. आईने ते पातेलं पुढे कधी चुलीवर चढवलं नाही; पप्पांकडे बघताना मात्र बरेच दिवस त्या पातेल्याकडे बघितल्यासारखं बघायची. आमच्या ओसरीवर त्या डिसेंबरात चर्चच्या चांदण्या झाल्या, चाचांनी शिकवलेल्या. पहिल्या दिवशी चाचा एकटे आले. आठवड्याने त्यांच्या सुना आल्या. मग आमच्या तरुण संघातली पोरं आली, ज्यांच्या कपाळावर अजून टाक्यांच्या खुणा होत्या. ज्यांनी टाके घातले, म्हणजे घालायला लावले, तेही आले. दोघं एकाच कागदाची दोन टोकं धरून बसायचे आणि एकमेकांकडे बघायचं टाळायला सतत कागदाकडे बघायचे. कागद त्यामुळे फार नीट ताणला जायचा. बांबू चिरताना सुरीचा येतो तो चर्र आवाज, कामट पाण्यात टाकल्याचा, चाचांचं खाकरणं, माझं अखंड बोलणं. मी चाचांचीही नक्कल करायचे, त्यांच्या तोंडावर. ते म्हणायचे, "करतीस झ्याक, पर माजं पोट एवडं हाय व्हय गं?"

मोहरम जवळ आला, मे महिन्यात, आणि खरा प्रश्न समोर येऊन बसला. ताबूत नवसाचा, त्याची उंची कमी करायची नाही, ही मोहल्ल्याची अट. कमानीला हात लावायचा नाही, ही कमिटीची. पप्पांनी दोन रात्री कागदावर रेघोट्या ओढल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून पितळेची बिजागरी घेऊन आले. घुमट बिजागरीवर बसवायचा. दोरी ओढली की घुमट कमानीपाशी आडवा होईल, आत आल्यावर दोरी सोडली की पुन्हा सरळ. उंची तीच, कमान तीच. घुमट मागे पाडला तर दोरी धरणाऱ्याच्या डोक्यात बसेल, म्हणून पुढच्या बाजूला. किती साधं आहे बघा, असं म्हणत ते ती बिजागरी दिवसभर उघडझाप करत हिंडत होते. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधीच इतकं खूष बघितलं नाही.

ताबुताचा खालचा भाग मोहल्ल्यात बांधला गेला, घुमट आमच्या ओसरीवर. दोन्ही एकत्र बसले ते शेवटच्या दिवशी. म्हणून उभ्या ताबुतावर तो घुमट कसा दिसतो हे आधी कुणी बघितलंच नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

दुपारी चारच्या सुमाराला ताबूत फाटकाशी आला. ताशे थांबले. चर्चची सगळी मंडळी आत, ओसरीपासून फाटकापर्यंत दोन रांगा करून. पप्पा कमानीखाली उभे, हातात काही नाही, तरी हात दोरी ओढल्यासारखे. चाचांनी दोरी ओढली. निळा-सोनेरी घुमट सावकाश पुढे आला, क्रुसाच्या बरोबर खाली आला आणि लवला. एखादा मोठा माणूस मान खाली घालून दारातून आत येतो तसा ताबूत आत आला. मग दोरी सुटली, घुमट सरळ झाला, कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. सरबत प्यायलं गेलं. हाजीसाहेबांनी, ते मोहल्ल्याच्या जमातीचे प्रमुख, पप्पांचा हात दोन्ही हातांत घेतला. ताबूत नदीकडे उतरला. आईने त्या संध्याकाळी पप्पांना आपणहून दोनदा चहा दिला.

इथे थांबता आलं असतं तर ही गोष्ट मी प्रत्येक लग्नात सांगितली असती.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर आमच्याकडे जेवण होतं. मटणाचा रस्सा, भाकरी, कमिटीची सात-आठ माणसं, मध्ये भंडारेकाका. जेवण झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "पाळकसाहेबांची लेक नकला लय भारी करते म्हणं." मला एवढंच पुरायचं. मी पंधरा वर्षांची होते आणि जगातलं सगळ्यात मजेदार माणूस मीच आहे याबद्दल मला शंका नव्हती. मी उठले. डोक्यावर आईच्या ओढणीचा घुमट केला. आधी छाती काढून ताबूत होऊन आले, ताशासकट. मग दाराच्या चौकटीकडे वर बघितलं, घाबरले, दोन्ही हात जोडले आणि कमरेतून लवून म्हणाले, "सलाम येशूबाबा, येऊ का आत?"

सगळे हसले. पप्पा स्वयंपाकघरात होते, त्यांनी बघितलं नाही. भंडारेकाका सगळ्यात उशिरा हसले. आधी त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं, काहीतरी हाताला लागल्यासारखं, आणि मग हसले. "परत कर बघू," म्हणाले. मी परत केलं. हे लिहिताना माझे कान तापले आहेत. परत केलं मी.

त्याच्या पुढच्या रविवारी सूचना वाचताना भंडारेकाका व्यासपीठावरून म्हणाले की यंदा देवाने मोठं काम केलं, या गावात ताबूत क्रुसापुढे लवला. मागच्या बाकांवरूनसुद्धा आमेन आलं. त्यांचा आवाज तिथपर्यंत पोचायचा. पप्पा व्यासपीठावरच शेजारी बसलेले. ते उठले, काहीतरी बोलले. कुणाला ऐकू आलं नाही. त्या हळू आवाजाचा मला तेव्हा आला तेवढा राग कधी आला नाही. एकदा तरी ओरडायचं होतं त्या माणसाने.

सोमवारी वखारीतल्या हमालांत ते वाक्य पोचलं. मंगळवारी आमची पोरं मोहल्ल्यातल्या पोरांना बघून मान लववायला लागली. शुक्रवारी जमात बसली. ठरलं असं की ताबूत पुन्हा आमच्या आवारातून जाणार नाही, हमरस्त्याने लांबून जाईल. आणि बांधायचा मान दस्तगीर घराण्याकडून काढून घेतला. आजोबा, बाप, ते स्वतः, आणि मग एका बैठकीत काही नाही.

पप्पा जमातीपुढे माफी मागायला गेले. परत आले ते न जेवता झोपले. मी आईला विचारलं, ते काय म्हणाले तिथे? आई भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "ते म्हणाले, चेष्टा माझ्या घरात मी केली, भंडाऱ्यांनी ती उचलली."

"मी केली."

"ठाऊक आहे मला. पण तिथे ते स्वतःचं नाव सांगून आलेत. आता तू गप बस."

मी गप बसले नाही. माझ्याबद्दल बरं सांगण्यासारखं या प्रकरणात एवढंच आहे, आणि तेही नीट झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चपला घालून तरातरा मोहल्ल्यात गेले. हाजीसाहेब मशिदीसमोरच्या कट्ट्यावर बसले होते, चार-पाच म्हातारी माणसं शेजारी, आणि एका कडेला दस्तगीरचाचा. राग सगळ्यांचाच आला होता, पण आवाज त्यांच्यावर निघाला. म्हटलं, पप्पा खोटं बोलले, चेष्टा मी केली, मला काय शिक्षा करायची ती करा, चाचांचा मान परत द्या. ताबूत लवला हे फक्त माझ्या डोक्यातून निघालं, दुसऱ्या कुणाच्या मनातसुद्धा नव्हतं.

हाजीसाहेबांनी मला बसायला सांगितलं. मी बसले नाही. ते म्हणाले, "पोरी, तुज्या डोक्यातनं काय निगालं न्हाई. दिसलं सगळ्यांस्नीच व्हतं. आमी काय आंधळं हाय व्हय? कमानीखाली आला तवाच दिसलं. पर पाळकसाब मनानं चांगलं, पोरांची मारामारी मिटल्याली, म्हून आमी समदं गप बसलो. गप बसल्यालं चालत हुतं. तू बोललीस, त्यांनी देवळात बोललं. आता आमाला गप बसता येतंय का, सांग तूच."

मी चाचांकडे बघितलं. मला वाटलं, ते तरी म्हणतील की मला नव्हतं दिसलं. चाचा हातातल्या छत्रीची मूठ पुसत होते, तिच्यावर धूळ नव्हती.

"मला तर बांदतानाच दिसलं व्हतं," ते म्हणाले. "बिजागरी बसिवली तवाच."

मी तशीच वळून घरी आले. पप्पा ओसरीवर बसले होते, रिकामे. मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि जे बोलू नये ते बोलले, कारण मला कुणालातरी दुखवायचं होतं आणि भंडारेकाका जवळ नव्हते. म्हटलं, "चाचांना बांधतानाच दिसलं होतं. आख्ख्या मोहल्ल्याला दिसलं होतं. तुम्हालाच दिसलं नाही, पप्पा. तुम्ही बिजागरी उघडझाप करत बसलात."

पप्पांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. आत जाऊन सदरा बदलून आले आणि मोहल्ल्याच्या दिशेने चालायला लागले. मी मागून गेले. त्यांनी नको म्हटलं नाही. चाचा एव्हाना दुकानात आले होते. पावसाळा तोंडावर, दुकानात छत्र्यांचा ढीग. पप्पा त्यांच्यासमोर खाली बसले.

"चाचा, बोलला का नाहीत तुम्ही?"

"बोललो असतो तर दुसरं काय केलं असतं तुमी?"

पप्पांनी खरोखर विचार केला. त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. "मला दुसरं काही सुचलं नसतं."

"मग. वाट बंदच पडली असती. म्हटलं जाऊ दे, एक घटकाभर वाकलं तर वाकलं. पोरं तरी डोकी फोडायची थांबली." चाचांनी एक तार पक्कडीत धरून वाकवली आणि तशीच ठेवली. मग त्यांचा आवाज चढला. मी त्यांना तोवर कधी रागावलेलं बघितलं नव्हतं. "पर पाळकसाब, तुमी एवडं शिकल्यालं. तुमच्या मनात ताबूत वाकवायचा आला. कमान का न्हाई आली? कमान तर कालपरवाची हाय. सिमिटाची हाय. फोडून दोन हात वर बांदाय किती दिस लागत्यात? ताबूत माज्या आज्यापास्नं हाय. वाकायची पाळी आमचीच का, हे तेवडं इचारा तुमच्या कमिटीला."

चाचांनी त्यांना चहा दिला. दोघं चहा प्यायले. मी बाहेर उभी होते, मला कुणी विचारलं नाही, ते बरोबरच होतं.

दस्तगीरचाचांनी पुढे कधी ताबूत बांधला नाही. ते गेले तेव्हा मी पुण्यात होते. त्यांची सून सांगत होती, शेवटी शेवटी हात नुसते हलायचे, कामट तासल्यासारखे. मी ऐकून घेतलं. मला त्यावर काही बोलायचा अधिकार नाही. अलीकडे मी चांगलं समजूतदारपणे लिहायला बसते आणि चार ओळींत पुन्हा रागाला येते. माझ्या बहिणींना नातवंडं झाली, डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात, आणि मी अजून त्या व्यासपीठावर जाऊन ध्वनिक्षेपक हिसकावून घेते, मनातल्या मनात, दर रविवारी.

त्याच वर्षी कमिटीच्या जूनच्या बैठकीत पप्पांनी चाचांचा तो प्रश्न विचारला. मी खिडकीबाहेर उभी राहून ऐकलं. आणि एकदाच, आयुष्यात एकदाच, त्यांचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. कमान आपण बांधली आणि वाकायचं त्यांनी का? भंडारेकाका म्हणाले, हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही. पप्पा म्हणाले, मग प्रश्न तेवढा इतिवृत्तात लिहून घ्या. काका म्हणाले, प्रश्न लिहीत नाहीत, ठराव लिहितात. पप्पांनी तीनदा सांगितलं, लिहून घ्या. काकांनी पेनाला टोपण लावलं. वर्षभरात आमची बदली फलटणला झाली.

त्या इतिवृत्ताची वही मी पुढे एकदा मागून बघितली. त्या दिवसाखाली उपस्थिती, प्रार्थना, नळाच्या दुरुस्तीचा ठराव, आभार, एवढंच आहे. म्हणून इथे लिहून ठेवते. प्रश्न पाळकसाहेबांनी विचारला होता, मोठ्याने विचारला होता, आणि तो असा होता: कमान आपण बांधली, आणि वाकायचं त्यांनी का?